मिसळणाच्या डब्यातली मधमाश्यांची बाग

आमच्या गॅलरीत काकडीचा वेल चांगला फोफावला होता. करंगळीएवढ्या काकड्या धरायच्या, चार-पाच दिवस तशाच राहायच्या, मग टोकाकडून पिवळ्या पडत जायच्या आणि एखाद्या सकाळी फरशीवर गळून पडलेल्या सापडायच्या. मी शेणखत घातलं, पाणी कमी करून पाहिलं, वाढवून पाहिलं. वेलाला खरं तर काहीच कमी नव्हतं. नर फुलातले परागकण मादी फुलापर्यंत पोचवणारी माशीच फिरकत नव्हती. पुण्यातल्या तिसऱ्या मजल्यावरची ती नऊ फूट बाय चार फुटांची गॅलरी. तिथे मोगरा होता, दोन गुलाब होते, बोगनवेल होती, क्रोटनची रंगीत पानं होती. मधमाशीने वाट वाकडी करून यावं असं एकही फूल मात्र नव्हतं.

त्याच जूनमध्ये फालुद्यासाठी आणलेल्या सब्ज्यातलं चिमूटभर बी मी एका रिकाम्या कुंडीत भुरभुरलं आणि विसरून गेले. श्रावण उजाडला तेव्हा सब्जा कमरेला लागला होता, पांढऱ्या तुऱ्यांनी भरला होता. आणि एका उघडिपीच्या सकाळी चहाचा कप घेऊन बाहेर आले, तर त्या कुंडीभोवती गुणगुण चालली होती. मोजल्या तर अकरा माश्या. पुढच्या आठवड्यात काकडीला धरलेल्या काकड्या पिवळ्या पडल्या नाहीत, त्या वाढल्या.

तेव्हापासून मला कुणी विचारलं, की मधमाश्या याव्यात म्हणून नर्सरीतून कोणतं रोप आणू, तर मी सांगते, नर्सरीत नंतर जा. आधी स्वयंपाकघरातला मिसळणाचा डबा उघडा आणि अंगणातल्या किंवा खिडकीतल्या तुळशीकडे बघा. लहान बागेला लागणारी बहुतेक सामग्री तिथेच आहे. ही झाडं आपल्या हवेत वाढलेली आहेत, त्यांचे लाड करावे लागत नाहीत, आणि त्यांच्या फुलांवर आपल्याकडच्या माश्या पिढ्यान्‌पिढ्या येत आल्या आहेत. आपण फक्त एक गोष्ट करायला शिकायचं आहे. ती म्हणजे झाडाला फुलावर येऊ देणं. कोथिंबीर आपण फुलण्याआधी कापतो, मुळा उपटतो, तुळशीच्या मंजिऱ्या खुडतो. बागेत भाजी पिकते, पण फूल लागण्याआधीच आपला हात तिथे पोचलेला असतो.

कोण कोण येतं

झाड निवडण्याआधी पाहुणे ओळखून घेतलेले बरे. आपल्याकडे मध साठवणाऱ्या माश्या एकाच जातीच्या नाहीत. झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या पोकळीत एकापुढे एक अशी अनेक पोळी बांधते ती सातेरी. महाबळेश्वरकडे पेट्यांमधून पाळतात ती हीच. कड्याकपारीला, उंच झाडांना आणि आता उंच इमारतींनाही भलं मोठं एकच पोळं लटकवते ती आग्या. झुडपाच्या फांदीभोवती तळहाताएवढं नाजूक पोळं करते ती फुलोरी. आणि मुंगीएवढी, काळी, नांगी नसलेली पोया. भिंतीच्या भेगेतून डिंकाची एक बारीक नळी बाहेर आलेली दिसली आणि तिच्या तोंडाशी माश्यांची ये-जा असली, तर ते पोयाचं घर समजा.

यांच्याशिवाय एकट्यादुकट्या राहणाऱ्या माश्या असतात. त्यांचं पोळं नसतं, मध नसतो, म्हणून त्यांच्याकडे कुणाचं लक्षही नसतं. लहान बागेला मात्र त्याच जास्त लाभतात. सातेरी चाऱ्यासाठी किलोमीटर-दीड किलोमीटरचा टापू पालथा घालते. तुमच्या चार कुंड्या तिच्या वाटेवरचा एक थांबा असतात इतकंच. एकट्या राहणाऱ्या बारीक माश्यांचं सगळं आयुष्य मात्र काहीशे मीटरच्या आत जातं. त्यांच्यासाठी तुमची गॅलरी म्हणजे मोठंच रान.

यांतली माझी सगळ्यात लाडकी म्हणजे पोटावर फिकट निळे पट्टे असलेली माशी. टोमॅटोच्या फुलावर ती आली की कान देऊन ऐका. ती फुलाला खालून मिठी मारते, पंख न हलवता अंग थरथरवते, आणि नेहमीच्या गुणगुणीहून वेगळा, चढ्या पट्टीतला झूम्‌ असा आवाज येतो. टोमॅटो आणि वांग्याचे परागकण केसरांच्या बंद नळीत असतात. त्या थरथरीने ते मिठासारखे खाली झडतात. मध देणाऱ्या माश्यांना ही कला येत नाही. या जातीतले नर रात्री काय करतात हेही पाहण्यासारखं आहे. अंधार पडला की ते एखादी वाळकी काडी जबड्यात पकडून तिला लोंबकळत झोपतात. आमच्या सब्ज्याच्या वाळलेल्या तुऱ्यावर एकदा टॉर्च मारला, तर एकाखाली एक असे पाच जण ओळीने झोपलेले होते. तेव्हापासून वाळक्या काड्या मी लगेच कापत नाही. तुम्हीही दोन-चार राहू द्या.

तुळशीच्या मंजिऱ्या

बारा महिने, कमीत कमी कष्टात, सगळ्या जातींच्या माश्यांना बोलावणारं एकच झाड सांगा म्हटलं तर मी तुळस सांगेन. तुळशीचं फूल इतकं बारीक, की आपल्याला ते फूल वाटतच नाही. पण सकाळी आठ-नऊच्या सुमाराला मंजिरीवर पाच मिनिटं नजर ठेवा. फुलोरी येईल, सातेरी येईल, पोया तर येतेच येते.

अडचण एवढीच, की घरोघरी मंजिऱ्या खुडायची रीत आहे. मंजिरी म्हणजे तुळशीच्या डोक्यावरचं ओझं, असं माझ्या सासूबाई म्हणायच्या आणि रोज सकाळी पूजेच्या वेळी ते उतरवायच्या. त्यांचं म्हणणं बागकामाच्या दृष्टीने बरोबरच होतं. मंजिरी खुडली की झाड डेरेदार होतं, जास्त जगतं. बी धरू दिलं की लवकर निबर होतं. मी मार्ग काढला तो असा. वृंदावनातली तुळस पूजेची, तिची मंजिरी रीतीप्रमाणे खुडायची. तिच्याच पडलेल्या बियांतून उगवलेली चार रोपं वेगळ्या कुंड्यांत लावायची आणि ती माश्यांना सोडायची. या चारांपैकी दोन झाडं फुलत असताना उरलेल्या दोघांची वरून एक-तृतीयांश छाटणी करायची. महिन्याभराने ती फुलावर येतात, तेव्हा पहिल्या दोघांची पाळी. अशी आलटून-पालटून छाटणी ठेवली की गॅलरीत मंजिरी नाही असा दिवस जात नाही. सब्ज्यालाही हेच लागू.

एकेक कुंडी सुटी ठेवण्याऐवजी एका जातीच्या तीन-चार कुंड्या शेजारी शेजारी ठेवा. मधमाशी एका फेरीत शक्यतो एकाच जातीच्या फुलांवर फिरते, तुळशीवरून निघाली की तुळशीवरच जाते. दहा जातींची एकेक कुंडी असेल तर तिला दोन घोट मिळतात आणि ती पुढे जाते. तीन जातींच्या चार-चार कुंड्या असतील तर तिची फेरी तिथेच भरते, मग ती रोज येते. नवी बाग करणाऱ्यांची सगळ्यात जास्त चूक इथेच होते. नर्सरीतून आवडलं ते एकेक घेऊन येतो आपण.

आता डबा उघडा

मोहरीपासून सुरुवात करा, कारण तिच्याइतकं भरवशाचं बी नाही. दिवाळीच्या आसपास, हवेत गारवा आला की सहा ते आठ इंच खोल पसरट भांडं घ्या. फळांचा थर्माकोलचा खोका चालतो, रंगाची कापून घेतलेली बादली चालते, तळाला भोकं मात्र हवीत. मिसळणाच्या डब्यातली चमचाभर मोहरी त्यावर पसरून बोटभर नाही, नखभर माती लोटा. तीन-चार दिवसांत उगवते. दाट झालेली रोपं उपटून भाजीत घाला, उरलेल्यांत चार बोटांचं अंतर राहू द्या. साधारण सव्वा महिना ते दीड महिन्यात पिवळी फुलं येतात आणि दोन-तीन आठवडे टिकतात. मोहरीला खताची फार अपेक्षा नसते. मावा मात्र येतो. त्याचं काय करायचं ते पुढे सांगते.

धणे पेरताना एक गोष्ट लक्षात ठेवा. अख्खा धणा म्हणजे दोन बिया. तो पोळपाटावर लाटण्याने हलका रगडून दोन फाकी करा, रात्रभर भिजवा, मग पेरा. आठवडा-दोन आठवडे लागतात उगवायला, तेवढा धीर धरा. निम्मी कोथिंबीर कापून खा आणि निम्मी सोडा. तिला पांढऱ्या, किंचित जांभळट छटेच्या छत्र्या येतात. या छत्र्यांत मध वरवर असतो, त्यामुळे आखूड जिभेच्या बारीक माश्यांनाही तो घेता येतो. शेपूची पिवळी छत्री, बडीशेपेची, ओव्याची पांढरी, सगळ्यांची हीच गोष्ट. ओवा म्हणजे फोडणीतला बारीक दाण्याचा ओवा. भज्यांसाठी जाड पानांचा पानओवा आपण लावतो, त्याला आपल्याकडे क्वचितच फूल येतं. छत्र्यांवर मधमाश्यांबरोबर एक पट्टेरी माशीही घिरट्या घालते, हवेत एका जागी स्थिर राहते. ती मधमाशी नव्हे, डसतही नाही. तिच्या अळ्या मावा खातात, म्हणून ती आली की आनंद माना.

मुळ्याचं तर बीही आणायला नको. बाजारातून शेंड्याची पानं शाबूत असलेला मुळा आणा, खालचा भाग कोशिंबिरीला घ्या आणि वरचा तीन-चार इंचांचा तुकडा पानांच्या देठांसकट कुंडीत रोवा. थंडीत तो तुरा काढतो, जांभळट-पांढरी फुलं येतात, माश्या येतात, आणि मग डिंगऱ्या धरतात. डिंगऱ्यांची भाजी ज्यांनी खाल्ली आहे त्यांना याहून जास्त सांगायला नको.

पावसाळ्यासाठी डब्यातले दोन जिन्नस राखून ठेवा, तीळ आणि कारळे. पेरायचे तीळ सालीचे हवेत, काळे किंवा तपकिरी. लाडवाचे पांढरेशुभ्र पॉलिश केलेले तीळ उगवत नाहीत. तिळाचं फूल लांबट घंटेसारखं असतं, माशी त्यात पुरती शिरते आणि पाठीवर पराग माखून उलट्या पावली बाहेर येते. जाडजूड काळा भुंगाही तिथे येतो, त्याच्या वजनाने फूल वाकतं.

कारळ्यांबद्दल मला विशेष सांगायचं आहे. चटणीपलीकडे शहरात ते कुणाला माहीत नाहीत. नाशिक-ठाण्याच्या डोंगराळ भागांत याला खुरासणी म्हणतात, आणि तिथे पाऊस सरता सरता उतारच्या उतार पिवळे होतात ते याच्या फुलांनी. कारळ्याच्या झाडाला स्वतःच्या परागाने बी धरत नाही, दुसऱ्या झाडाचा पराग लागतो, आणि तो माशीच आणते. म्हणून हे फूल माशीला रिकाम्या हाताने परत पाठवत नाही. कच्चे, न भाजलेले कारळे आषाढात दहा-बारा इंची कुंडीत टाका, प्रत्येक कुंडीत तीन-चार झाडं ठेवा. ती तीन-चार फूट वाढतात, काठीचा आधार द्या. भाद्रपद-आश्विनात कॉसमॉससारखी पिवळी फुलं येतात. मुरमाड, हलक्या जमिनीत वाढायची सवय असलेलं हे झाड, त्याला तुमच्या कुंडीतली माती म्हणजे मेजवानी आहे.

पावसाळ्याचा एवढा विचार करण्याचं कारण आहे. माघ ते वैशाख शहरातसुद्धा करंज, कडुनिंब, जांभूळ, शेवगा अशी मोठी झाडं फुलतात; त्यांच्यापुढे आपल्या कुंड्यांचं काय ते मोल. पण आषाढ-श्रावणात संततधार लागली की झाडांचा बहर संपलेला असतो, रानफुलं अजून यायची असतात, आणि माश्यांची खरी उपासमार होते. सातेरी पाळणारे लोक त्या दिवसांत पेट्यांमध्ये साखरेचा पाक ठेवतात ते याचमुळे. उघडिपीचे दोन तास मिळाले, तर जवळ फूल हवं. तेव्हा तुळस, सब्जा, तेरडा, गोकर्ण आणि तीळ यांपैकी काहीतरी फुललेलं असेल एवढं बघा. अर्धवट उन्हाची गॅलरी असेल तर तेरडा चालतो, इतरांना उन्हाशिवाय भागत नाही.

डब्याबाहेरचं थोडं

चिनी गुलाब सगळ्यांना माहीत आहे. कुणी त्याला ऑफिसची फुलं म्हणतात, कारण तो दहाच्या सुमाराला उमलतो आणि दुपार कलली की मिटतो. घोळीच्या भाजीचा हा जवळचा भाऊ, त्यामुळे पाणी पानात साठवून ठेवतो. चार दिवस गावाला जाऊन आलात तरी रुसत नाही. बोटभर काडी मातीत खोचली की आठवड्यात मूळ धरते. विदर्भ-मराठवाड्यातल्या चैत्र-वैशाखाच्या उन्हात दुसरं काही टिकत नसेल, तर हा टिकेल. फक्त एकेरी पाकळ्यांचा घ्या. उमललेल्या फुलातल्या पिवळ्या केसरांना गवताच्या काडीने हळूच स्पर्श करून पाहा. केसर स्पर्श झालेल्या बाजूला झुकतात, डोळ्यांदेखत, दोन-चार सेकंदांत. माशी फुलात लोळते तेव्हा तेच होतं, सगळा पराग तिच्या अंगाशी येतो. मुलांना हे एकदा दाखवा.

एकेरी पाकळीचा हा आग्रह सगळ्याच फुलांना लागू आहे. भरगच्च, दुहेरी फुलांत केसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात. दिसायला फूल मोठं, पण त्यात पराग नाही, आणि मध असला तरी पाकळ्यांच्या गर्दीत माशीला वाट सापडत नाही. झेंडूचे मोठे गोंडे तोरणाला छान, माश्यांना एकेरी मखमल हवी. झिनिया, कॉसमॉस, सूर्यफूल, सगळी एकेरी घ्या. गोकर्णही एकेरी निळी. तिचं फूल उलटं असतं, केसर वरच्या बाजूला, त्यामुळे आत शिरणाऱ्या माशीच्या पाठीवर पराग लागतो.

रंगाचंही थोडं आहे. मधमाशीला लाल रंग दिसत नाही, तो तिला काळपट वाटतो. कार्ल फॉन फ्रिश या शास्त्रज्ञाने रंगीत कागदांवर साखरपाण्याच्या बशा ठेवून मधमाश्यांना रंग ओळखता येतात हे दाखवलं. पुढे १९७३ साली त्यांना नोबेल मिळालं. निळा, जांभळा, पिवळा, पांढरा हे तिचे रंग. लाल जास्वंद शिंजिराला, म्हणजे सनबर्डला ठेवा. सदाफुली काटक आहे, पण तिची नळी अरुंद आणि खोल, ती फुलपाखरांची. मोगरा रात्रीच्या पतंगांचा. ही झाडं काढून टाका असं मी म्हणत नाही, माझ्याकडेही मोगरा आहे. पण त्यांच्या भरवशावर मधमाशीची वाट पाहू नका. आणि घाणेरी मात्र लावूच नका. फुलपाखरं येतात म्हणून हौसेने लावतात, पण तिने आपली जंगलं गिळली आहेत.

ज्यांच्याकडे जमिनीचा तुकडा आहे त्यांनी कुंपणाला तरवड लावावा. माळरानावर पाण्याशिवाय वाढणारं झुडूप, शेळीही तोंड लावत नाही, आणि पिवळ्या फुलांवर भुंगे तुटून पडतात. कढीपत्ता आणि लिंबू असतीलच, त्यांच्या फुलांवर फवारू नका म्हणजे झालं. पावसाळ्यात आपोआप उगवणारा तुंबा आणि एकदांडी यांना तण म्हणून उपटून फेकण्याआधी एक कोपरा त्यांना द्या. कष्ट शून्य.

वेलभाज्या लावणाऱ्यांनी फुलांच्या वेळा लक्षात ठेवाव्यात. काकडी, भोपळा, घोसाळं सकाळी उमलतात, ती माश्यांची. दुधी आणि दोडका संध्याकाळी उमलतात, तिथे पतंग येतात. दुधी गळतोय म्हणून मधमाश्यांना दोष देऊ नका. संध्याकाळी नर फूल तोडून त्याचे केसर मादी फुलाला स्वतःच टेकवा.

औषधाची बाटली

हे लिहिताना मला अजून वाईट वाटतं. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण आला होता. दुकानात विचारलं, त्यांनी एक छोटी बाटली दिली, दोन थेंब लिटरभर पाण्यात, आठवड्यात साफ. मी फवारलं, उरलेलं पाणी वाया कशाला घालवायचं म्हणून शेजारच्या सब्ज्यालाही घातलं. दुसऱ्या दिवशी दुपारी फरशीवर माश्या पडलेल्या होत्या. मेलेल्या नव्हत्या, उठता येत नव्हतं त्यांना. एका जागी गोल गोल फिरत होत्या. एक माशी पुढच्या पायांनी सारखी तोंड पुसत होती. संध्याकाळपर्यंत सगळ्या थांबल्या. नंतर बाटलीवरची बारीक अक्षरं वाचली, इमिडाक्लोप्रिड. हे औषध झाडाच्या अंगात भिनतं, मुळांतून पानांत, पानांतून फुलांत, थेट मधात आणि परागात. धुऊन जात नाही. युरोपीय संघाने २०१८ साली उघड्यावरच्या शेतात त्याचा वापर बंद केला तो मधमाश्यांसाठीच.

म्हणून विकत आणलेलं रोप फुलावर असलं, तर पहिल्या बहराच्या कळ्या खुडून टाका. नर्सरीत त्याच्यावर काय मारलं आहे ते आपल्याला माहीत नसतं. बियांपासून वाढवलेल्या झाडाला ही चिंताच नाही. बी मात्र डब्यातलं घ्या. लाल-गुलाबी औषध चोळलेल्या बियाण्याची पाकिटं टाळा.

मावा आला तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पानांच्या खालच्या बाजूने धुवा, तीन दिवस ओळीने. पिठ्या ढेकूण थोडा असेल तर जुन्या टूथब्रशने साबणपाणी लावून काढा. कडुनिंबाचं तेल वापरायचंच असेल तर सूर्य मावळल्यावर, फुलं चुकवून. आणि कधी कधी काहीच करू नका. गुलाबाच्या पानाच्या कडेला कुणी गोल कात्रीने कापल्यासारखे अर्धचंद्र दिसले तर तो रोग नाही. पान कापणारी माशी ते तुकडे गुंडाळून नेते आणि पोकळ काडीत पिल्लांसाठी खोल्या करते. तिच्यासाठी हातभर लांबीच्या बांबूच्या बारीक पोकळ काड्या, एक तोंड बंद असलेल्या, सुतळीने जुडीत बांधून पावसापासून आडोशाला टांगा. काडीचं तोंड हिरव्या पानाने बुजलेलं दिसलं, की आत संसार सुरू झाला.

पाणीही ठेवा. पसरट बशीत गोट्या किंवा खडे घाला, त्यांची डोकी पाण्याबाहेर राहतील इतकंच पाणी, नाहीतर माश्या बुडतात. डासांमुळे दर दुसऱ्या दिवशी ते बदलत जा. साखरपाणी मात्र ठेवू नका. मुंग्या लागतात, माश्यांमध्ये लुटालूट होते, एका वसाहतीतला रोग दुसरीत जातो.

शेजारच्यांची भीती

गॅलरीत मधमाश्या येतात म्हटल्यावर सोसायटीतून कुणीतरी विचारणारच. त्यांना शांतपणे सांगा, फुलावर चरणारी माशी आपल्या कामात असते. तिला चिमटीत धरलं किंवा पायाखाली चिरडलं तरच ती डसते. डसण्याचा खरा प्रश्न पोळ्याजवळ येतो. म्हणून कुंड्या ये-जा करायच्या दारापासून आणि कपडे वाळत घालायच्या दोरीपासून हातभर दूर ठेवा. डंख झालाच तर नांगी नखाने खरवडून लगेच काढा, जागा गार पाण्याने धुवा. अंगभर गांधी उठल्या, ओठ किंवा घसा सुजू लागला, श्वास लागला, तर घरगुती उपाय करत बसू नका, तातडीने दवाखाना गाठा. घरात कुणाला अशी ॲलर्जी असल्याचं आधीच माहीत असेल, तर फुलांच्या कुंड्या त्या व्यक्तीच्या खिडकीपासून लांब.

रात्री ट्यूबलाइटवर येऊन आपटणाऱ्या माश्या आग्या असतात. खिडकी लावा, दिवा थोडा वेळ बंद करा, त्या निघून जातात. इमारतीला आग्याचं पोळं असेल तर त्याला धूर, टेंभा, पाण्याचा फवारा यांतलं काही होऊ देऊ नका. डिवचलेलं आग्यामोहोळ सगळ्या इमारतीला आवरत नाही. ते ठरावीक काळ राहून आपण होऊन स्थलांतर करतं. अगदीच अडचणीच्या जागी असेल तर प्रशिक्षित माणूस बोलवा. पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, महाबळेश्वरला राज्याच्या खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय आहे, तिथून तयार झालेले मधपाळ जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. महाबळेश्वरजवळच्या मांघरला २०२२ साली मधाचं गाव म्हणून ओळख मिळाली. तिथे माश्यांच्या पेट्या घरांच्या शेजारी आहेत आणि मुलं त्याच वाटेने खेळतात. शेजाऱ्यांना माझ्या बोलण्यापेक्षा त्या गावाचं उदाहरण लवकर पटतं.

बाकी बागकाम नेहमीचंच. चार-पाच तास ऊन, दोन भाग माती, एक भाग शेणखत किंवा गांडूळखत, गच्ची असेल तर वजन कमी करायला थोडं कोकोपीट. पाणी सकाळी, तेही बोट दोन पेरं मातीत घालून कोरडं लागलं तरच. या झाडांपैकी निम्मी जास्त पाण्यानेच मरतात.

कारळ्याची फुलं झडून बोंडं तपकिरी झाली की ती कागदावर झटका. धणे वाळले की छत्र्या उलट्या टांगून ठेवा. मोहरीच्या शेंगा फुटायच्या आधी काढा. मी निम्मं बी डब्यात घालते, निम्मं कागदी पुडीत बांधून पुडीवर महिना लिहून ठेवते. काल आवराआवर करताना एक पुडी सापडली, तिच्यावर आषाढ, कारळे असं लिहिलं आहे. शेजारच्या वहिनींनी तीन कुंड्या रिकाम्या करून ठेवल्या आहेत.